दार उघडण्यापुरती जागा

अपंग व्यक्तींच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेली पार्किंगची जागा इतर जागांपेक्षा दोन बाबतींत वेगळी असते. ती इमारतीच्या दाराजवळ असते आणि ती रुंद असते. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते. मॉलच्या लिफ्टलगत किंवा हॉस्पिटलच्या दारापासून चार पावलांवर असलेला हा निळा पट्टा बऱ्याचदा मोकळा असतो. जागा शोधत फिरणाऱ्याच्या नजरेत तो भरतो आणि कुणाला तरी मिळालेली सवलत अशी त्याची मनात नोंद होते. दुसरी गोष्ट म्हणजे रुंदी, आणि ती सहसा कुणाच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या माणसाला आधी रुंदी लागते, दाराशी जवळ असणे त्यानंतर. थोडी लांबची पण रुंद जागा त्याला एक वेळ चालते. दाराला लागून असलेली अरुंद जागा त्याच्या काहीच कामाची नसते. राखीव जागांवर रोज जे अतिक्रमण होते त्याच्या मुळाशी बेपर्वाई आहेच, पण तितकाच हा गैरसमजही आहे.

भारतात साध्या मोटारीसाठी आखायचा पट्टा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरला जातो. मोटार स्वतः पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन मोटारींमध्ये जेमतेम पाऊण मीटरची फट उरते. धडधाकट माणूस एवढ्या फटीत दार अर्धवट उघडतो, अंग चोरून बाहेर येतो आणि आपण काही कसरत केली हे त्याच्या लक्षातही राहत नाही. चाकाची खुर्चीच मुळात साठ ते सत्तर सेंटीमीटर रुंद असते. ती मोटारीच्या सीटला भिडवायची तर दार पुरते उघडावे लागते आणि उघड्या दाराच्या आत खुर्ची मावावी लागते. म्हणून केंद्र सरकारच्या आदर्श इमारत उपविधींत अशा राखीव पट्ट्याची किमान रुंदी ३.६ मीटर ठेवली आहे आणि तो प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावा असे म्हटले आहे. नेहमीच्या पट्ट्याहून ही रुंदी १.१ मीटर जास्त आहे. अमेरिकेत ८ फुटांच्या पट्ट्याला लागून ५ फुटांची, तिरप्या रेघा ओढलेली मोकळी पट्टी असते, ब्रिटनमध्ये २.४ मीटरच्या पट्ट्याशेजारी १.२ मीटरची. मोजमापाच्या पद्धती निराळ्या असल्या तरी आकडे एकमेकांच्या जवळ येतात, कारण खुर्चीची रुंदी आणि माणसाच्या हातांची लांबी देशोदेशी बदलत नाही.

हा जादा मीटर कशासाठी लागतो ते बारकाईने पाहायला हवे. कमरेखालची शक्ती गेलेली एखादी व्यक्ती हाताने चालवायच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरची मोटार स्वतः चालवत येते. गाडी थांबली की ती शेजारच्या सीटवर ठेवलेला खुर्चीचा सांगाडा एका हाताने उचलते, पोट आणि स्टिअरिंग यांच्यामधून फिरवून उजव्या दाराने बाहेर काढते आणि जमिनीवर टेकवते. मग एक चाक ओढून सांगाड्यात बसवते, मग दुसरे; खटका नीट बसला की नाही हे ओढून पाहते. वर गादी टाकते, खुर्ची सीटला तिरकी भिडवते आणि ब्रेक लावते. त्यानंतर एक तळहात खुर्चीवर आणि दुसरा मोटारीच्या सीटवर रोवून सगळे शरीर दोन हातांवर उचलायचे आणि मधले अंतर ओलांडून खुर्चीत आणायचे. काहीजण मध्ये गुळगुळीत फळी टाकून तिच्यावरून सरकतात. शेवटी एकेक पाय हातांनी उचलून पायपट्टीवर ठेवायचा. जमीन उतरती असेल तर नेमक्या या उचलण्याच्या वेळी खुर्ची सरकते. म्हणून अमेरिकी मानकांत या जागेचा उतार ४८ फुटांना १ फुटाहून जास्त असता कामा नये असे बंधन आहे. दार पुरते उघडले नाही तर या सगळ्यातली पहिली पायरीसुद्धा होत नाही. कुबड्या आणि कॅलिपर वापरणाऱ्यांचेही हेच. कॅलिपरचा गुडघ्यावरचा खटका लावायला पाय आधी सरळ करावा लागतो, आणि तो सरळ करायला दाराबाहेर जागा हवी असते.

त्यामुळे या जागेचा सर्वांत वाईट गैरवापर होतो तो ती अपंग व्यक्तीला मिळाल्यानंतर. गाडी नीट लावून ती व्यक्ती कामाला जाते आणि परत येऊन पाहते तो रेघांच्या मोकळ्या पट्टीत कुणीतरी मोटारसायकल उभी केलेली असते, किंवा शेजारची मोटार निम्मी त्या पट्टीवर चढलेली असते. लावणाऱ्याच्या हिशेबाने त्याने कुणाचीच जागा घेतलेली नसते, नुसती रिकामी राहिलेली पट्टी वापरलेली असते. इकडे स्वतःची गाडी समोर असते, किल्ली हातात असते आणि आत जाता येत नाही. मग ध्वनिक्षेपकावरून गाडीचा नंबर पुकारायला लावायचा, वॉचमनची विनवणी करायची, नाहीतर अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देऊन गाडी बाहेर काढून मागायची. हाताने चालवायची यंत्रणा ज्याने कधी पाहिलेली नाही त्याच्या हाती अशी गाडी देणे धोक्याचे असते. रात्री, पावसात, सोबत कुणी नसताना ही वेळ आली तर तासभर थांबण्यावाचून इलाज नसतो. असा अनुभव एकदा आला की पुढच्या वेळी बाहेर पडताना तो आठवतोच.

राखीव जागेवर गाडी लावणाऱ्यांची उत्तरे ठरलेली असतात. "दोन मिनिटांत आलोच." "मी गाडीतच बसलोय ना, कुणी आले तर काढतो." यांतले दुसरे उत्तर जास्त समजूतदार वाटते, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. अपंग चालक त्या जागेशी येतो तेव्हा त्याला दिसते ती भरलेली जागा. आतल्या माणसाला 'जरा काढता का' असे विचारायला गाडीतून उतरावे लागते, उतरायला जागा लागते, आणि जागा तर त्या माणसाने घेतलेली असते. मागून हॉर्न वाजू लागतात. चालक पुढे सरकतो, एक फेरी मारतो, दुसरी मारतो आणि बहुतेक वेळा निघून जातो. गाडीत बसलेल्या माणसाला आपल्यामुळे कुणी परत गेले याचा पत्ताही लागत नाही. दोन मिनिटांच्या उत्तराचेही तेच. ती मिनिटे दोन आहेत की चाळीस, हे बाहेर थांबलेल्याला कळायचा काहीच मार्ग नसतो.

धडधाकट माणसाला दाराजवळ जागा मिळाली नाही तर त्याची काही मिनिटे जातात, थोडे चालणे होते. अपंग व्यक्तीचे कामच रद्द होते. दुसरी जागा मोकळी असली तरी ती अरुंद असते, म्हणजे तिच्यापुरती नसल्यातच जमा. हॉस्पिटलच्या ओपीडीतला नंबर जातो, बँकेची वेळ टळते, लग्नाचा मुहूर्त होऊन जातो. त्यातच शरीराची गणिते असतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला ठरावीक वेळाने कॅथेटरने मूत्राशय रिकामे करावे लागते. एकाच जागी फार वेळ बसून राहिले तर त्वचेवर दाबाच्या जखमा होतात आणि त्या भरायला महिने लागतात. खांदे हेच ज्याचे पाय आहेत, त्याच्या खांद्यांचे सांधे वर्षानुवर्षांच्या उचलण्याने झिजतात; प्रत्येक जादा चढउतार त्या झिजेत भर घालतो. अर्धा तास फिरून जागा न मिळाल्याने घरी परतणे म्हणजे नुसता गेलेला अर्धा तास नव्हे. त्या दिवशी खर्चायला शरीरात जेवढी ताकद होती ती काम न होता खर्च झालेली असते.

गाडी दुसरे कुणी चालवत असेल तर प्रश्न सुटतो असे समजले जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन एकटी आई फिजिओथेरपीला येते तेव्हा दाराशी मुलाला उतरवून गाडी लांब लावून येणे तिला शक्य नसते, कारण मधल्या वेळात त्याला सांभाळायला कुणी नसते. पक्षाघात झालेल्या वडिलांना दारात खुर्चीवर एकटे ठेवून गाडी लावायला गेलेल्या मुलाचा जीव वर येईपर्यंत टांगणीला लागलेला असतो. मॉलचा रखवालदार "पेशंटला इथे उतरवा आणि गाडी खाली न्या" असे सहज सांगतो. या सल्ल्यात उतरणारी व्यक्ती आणि तिची सोबत एकमेकांपासून तुटतात हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

कालांतराने माणसे बाहेर पडण्याआधीच हिशेब करू लागतात. फोन करून विचारायचे, दुकाने उघडायच्या आधी पोचायचे, शनिवार-रविवार टाळायचा, नाटकाचा पहिला अंक सुटेल म्हणून नाटकच सोडायचे. पुढे ठिकाणांची यादी आखडत जाते आणि घरच्यांनी "तू कशाला दगदग करतेस, आम्ही घेऊन येतो" म्हणायला सुरुवात केली की घर हीच एक जागा उरते. मग राखीव पट्टा खरोखरच रिकामा दिसू लागतो. व्यवस्थापक म्हणतो, "इथे कुणी अपंग येतच नाही, जागा वाया जाते," आणि तिथे दुचाक्या लावायला परवानगी देतो. जागा अडवली म्हणून माणसे येईनाशी झाली आणि माणसे येत नाहीत म्हणून जागा अडवणे रास्त ठरले. या चक्रामुळे झालेली हानी कुठल्याही दंडाच्या नोंदवहीत सापडत नाही, म्हणून ती नेहमी कमी लेखली जाते. या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

या जागांचा इतिहास फार जुना नाही. खुर्चीचे जे चिन्ह आज जगभर निळ्या पाटीवर दिसते ते सुसान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये रेखाटले. तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती. माणसाचे डोके सुचवणारे वर्तुळ कार्ल मोंतान यांनी नंतर जोडले आणि खुर्चीवर माणूस बसला. ब्रिटनमध्ये खासदार आल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला दीर्घकालीन आजारी आणि अपंग व्यक्तींविषयीचा कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि त्यातून १९७१ मध्ये गाडीच्या काचेवर ठेवायचा नारिंगी बिल्ला आला. २००० पासून तो निळा झाला. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने या जागा देशभर बंधनकारक केल्या. तिथे २५ गाड्यांपर्यंतच्या तळावर किमान १ राखीव जागा लागते, ५० पर्यंत २, १०० पर्यंत ४. दर सहा राखीव जागांमागे किमान एक अशी असावी लागते की जिथे बाजूने रॅम्प सोडणारी व्हॅन उभी राहू शकेल. या देशांनी फार आधी सुरुवात केली, म्हणून गैरवापराचे जे प्रकार भारतात अजून यायचे आहेत ते तिथे पाहायला मिळतात.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. तिथे अपंगत्वाचे कार्ड आरशाला अडकवलेल्या गाडीला रस्त्यावरच्या पार्किंग मीटरवर पैसे भरावे लागत नाहीत आणि वेळेची मर्यादाही नसते. हेतू चांगला होता. जुन्या मीटरपर्यंत हात पोचणे, नाणे टाकणे, कळ फिरवणे हे अनेकांना जमण्यासारखे नव्हते. पण त्यामुळे कार्डाला रोख किंमत आली. शहराच्या मध्यभागी रोज कामाला येणाऱ्याच्या दृष्टीने ते कार्ड म्हणजे वर्षभराचे फुकट पार्किंग झाले. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या डझनाहून अधिक आजी-माजी खेळाडूंवर अशी कार्डे लबाडीने मिळवल्याबद्दल खटले भरले गेले. शरीराने सर्वांत धडधाकट असणाऱ्या तरुणांनी अपंगत्वाचे कार्ड लावावे याचा तिथल्या लोकांना धक्का बसला, पण प्रश्न खेळाडूंपुरता नव्हता. २०१७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी नोंदी तपासल्या तेव्हा शंभर किंवा त्याहून अधिक वयाच्या सुमारे २६,००० व्यक्तींच्या नावे कार्डे चालू असल्याचे दिसले, आणि त्या वयाची राज्यातली सगळी लोकसंख्याच सुमारे ८,००० होती. मृत व्यक्तींची कार्डे चालूच राहिली होती हे त्या दोन आकड्यांतून वेगळे सांगावे लागले नाही. त्याच वर्षी कायदा बदलून नव्याने कार्ड मागण्यावर आणि नूतनीकरणावर बंधने आली.

पार्किंगच्या अर्थकारणावर आयुष्यभर लिहिणारे यूसीएलएचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी यावर नेमके बोट ठेवले होते. रुंद आणि जवळची जागा मिळणे आणि मीटरचे पैसे माफ होणे या दोन गोष्टी एका कार्डात बांधल्यामुळे लबाडी वाढते, त्या वेगळ्या करा, असे त्यांचे म्हणणे होते. इलिनॉय राज्याने २०१४ पासून ते केले. ज्यांना शारीरिक कारणाने मीटर हाताळताच येत नाही अशांनाच तिथे माफी मिळते. बाकीच्या कार्डधारकांना राखीव जागा मिळते, पण मीटरचे पैसे भरावे लागतात. हा मार्ग बरोबर वाटतो. लबाडी करणाऱ्याला मीटरभर रुंदी नको असते, त्याला पैसे वाचवायचे असतात. अपंग चालकाला बहुधा उलट हवे असते. रस्त्यावर त्याला हवी असते ती मोकळी, दार उघडेल अशी जागा, आणि तिचे पैसे द्यायला तो तयार असतो. फुकटपणाने ती जागा दिवसभर अडून राहत असेल तर माफीचा त्याला काही उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये बिल्ला गाडीला नव्हे, व्यक्तीला दिला जातो. ती व्यक्ती गाडीत असेल किंवा तिला घ्यायला-सोडायला गाडी आली असेल तरच तो लावता येतो. दुसऱ्याचा बिल्ला वापरणाऱ्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही गाड्यांच्या काचा फोडून बिल्ले चोरण्याचे प्रकार घडतात, आणि लंडनच्या काही भागांत तर चोराला उपयोग होऊ नये म्हणून एका ठरावीक गाडीशी जोडलेला वेगळा बिल्ला द्यावा लागतो. चोरीमुळे अपंग व्यक्तीचे दुहेरी नुकसान होते: काच तर फुटतेच, आणि नवा बिल्ला येईपर्यंत हक्काची जागाही जाते.

लबाडीचा आणखी एक परिणाम होतो आणि तो खऱ्या हक्कदारांना सोसावा लागतो. राखीव जागेतून उतरून चालत जाणाऱ्या प्रत्येकाकडे लोक संशयाने पाहू लागतात. पण न दिसणारे अपंगत्व या योजनांत पहिल्यापासून गृहीत धरलेले आहे. अमेरिकेच्या १९९१ च्या केंद्रीय नियमांत, न थांबता २०० फूट चालता येत नाही अशी व्यक्ती पात्र ठरते. गंभीर हृदयविकार, फुप्फुसांचा आजार, सोबत प्राणवायूचे नळकांडे बाळगावे लागणे, हेही निकष त्यात आहेत. दोनशे फूट म्हणजे साठेक मीटर. हृदय निकामी होत चाललेली बाई गाडीतून उतरून पहिले दहा मीटर इतरांसारखीच चालते. पाहणारा तेवढेच पाहतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सकाळी चालता येणारा माणूस संध्याकाळी उभा राहू शकत नाही. इंग्लंडने ३० ऑगस्ट २०१९ पासून मानसिक आणि इतर न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही निळा बिल्ला खुला केला. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या २१ प्रकारांतही मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, सिकल सेल हे आजार आहेत. काचेवर चिठ्ठी चिकटवून "तुम्हाला लाज वाटत नाही का" असे विचारणारे नागरिक हेतूने भले असतात, पण त्यांचा बाण अनेकदा चुकीच्या माणसाला लागतो. त्या चिठ्ठीची भीती बाळगून हक्क असूनही ती जागा न वापरणारी माणसे आहेत.

भारतात परिस्थिती वेगळ्या कारणांनी बिकट आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. हालचालीचे अपंगत्व असलेले देशात सुमारे ५४ लाख. यांतले फार थोडे मोटारीने फिरतात. भारतातला अखेरचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला, पण त्याआधी पोलिओ झालेली पिढी आज नोकरी-धंद्यात आहे, आणि या पिढीचे वाहन म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंना जादा चाके लावलेली स्कूटर. राखीव जागांच्या नियमांत सारा विचार मोटारीचा होतो आणि ही स्कूटर विसरली जाते. तिला दुचाकींच्या रांगेत ढकलतात. तिथे दोन गाड्यांत वीतभर अंतर असते आणि साइड व्हीलची स्कूटर साध्या स्कूटरच्या जवळजवळ दुप्पट जागा घेते. त्याहून मोठी अडचण म्हणजे बहुतेक स्कूटरना रिव्हर्स गिअर नसतो. साधा स्कूटरवाला जमिनीवर पाय टेकून गाडी मागे ओढतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला ते शक्य नसते. म्हणून त्याला अशी जागा लागते की जिथून गाडी सरळ पुढे काढता येईल. समोर कुणी बुलेट लावून गेला की तो अडकला. सरकारी कार्यालयांच्या आवारात, जिथे दाखल्यांसाठी आणि पेन्शनसाठी याच लोकांना खेटे घालावे लागतात, अशा स्कूटरसाठी वेगळी आखलेली जागा क्वचितच दिसते.

मोटारींसाठी राखलेल्या जागांचे काय होते हे कुठल्याही मोठ्या शहरात पाहता येते. निळा पट्टा आखलेला असतो, कारण इमारतीच्या नकाशात तो दाखवावा लागतो. पुढे त्यावर कुंड्या येतात, रिकामी खोकी येतात, व्हॅले पार्किंगचे टेबल येते, किंवा 'साहेबां'ची गाडी येते. काही ठिकाणी जागा अडवली जाऊ नये म्हणून साखळी लावून कुलूप घालतात आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. साखळी लावणाऱ्याचा हेतू जागा जपण्याचा असला तरी एकट्याने आलेल्या चालकाला ती उतरून काढता येत नाही. त्याच्यापुरती ती भिंतच ठरते. कित्येक ठिकाणी तर निळे चिन्ह नेहमीच्याच अडीच मीटरच्या पट्ट्यात काढलेले असते. तिथे कुणी अतिक्रमण केले नाही तरी जागा निरुपयोगीच आहे.

गृहनिर्माण सोसायट्यांत हा प्रश्न रोजचा असतो. बिल्डरला स्टिल्टमधली पार्किंगची जागा स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात २०१० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे अशा जागांच्या वाटपाचा निर्णय सोसायटीकडे येतो आणि जागा अपुऱ्या असल्या की चिठ्ठ्या टाकल्या जातात. सगळ्यांना एकच न्याय, असे म्हणून चिठ्ठी टाकली जाते आणि चाकाच्या खुर्चीवरच्या सभासदाला दोन खांबांमधली, दार अर्धेच उघडेल अशी जागा येते. तो बदलून मागतो तेव्हा "तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील" असे उत्तर मिळते. २०१६ च्या अधिनियमाने वाजवी सोय नाकारणे हाही भेदभाव ठरवला आहे. कमिटीत हे कलम कुणी वाचून दाखवले तर वातावरण बदलते, पण शेजाऱ्यांशी कायद्याची भाषा बोलायला माणूस कचरतो आणि वर्षानुवर्षे निमूटपणे त्रास सोसतो.

कायदा अपुरा आहे असे म्हणता येणार नाही. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मान्य केला आणि त्यावर आधारलेला २०१६ चा अधिनियम एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे त्यात म्हटले आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती जून २०२२ मध्ये संपली. उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अडचण होती ती नियमांच्या भाषेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण तो मानके नुसती शिफारस म्हणून मांडत होता. बंधनकारक मानके वेगळी काढून तीन महिन्यांत नवे नियम करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला गेला.

त्याखेरीज एक साधी उणीव आहे. काचेवर लावायचे, देशभर चालणारे, तपासता येणारे अधिकृत पार्किंग कार्ड भारतात रुजलेले नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र, खिशात असते, काचेवर नाही. आणि खुर्चीचे चिन्ह असलेला स्टिकर ॲक्सेसरीजच्या दुकानात कुणालाही मिळतो. अशा स्थितीत वॉचमनने कुणाला आत सोडायचे हे त्याच्या अंदाजावर उरते, आणि मोठ्या गाडीतून उतरणाऱ्या रुबाबदार माणसाला "हा पट्टा राखीव आहे" असे सांगायला दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या वॉचमनची जीभ रेटत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या पाठीशी व्यवस्थापनाचा लेखी हुकूम असायला हवा. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराने प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांना राखीव जागेतल्या गाड्यांवर दंडाची पावती लावण्याचा अधिकार दिला आहे. भारतात वाहतूक पोलिसांचे टोइंगचे वाहन रस्त्यावरच्या गाड्या उचलते. मॉलच्या तळघरात किंवा हॉस्पिटलच्या आवारात ते फिरकत नाही, आणि राखीव जागा तर बहुतेक तिथेच असतात.

म्हणून जागा अडवलेली दिसली तर गाडीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा जागेच्या मालकाला जाब विचारावा. गाडीत आलेला माणूस खरोखर अपंग आहे की नाही हे बघणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि ते ठरवणे त्याचे कामही नाही. पट्टा ३.६ मीटरचा आहे का, शेजारची मोकळी पट्टी मोकळी आहे का, साइड व्हीलच्या स्कूटरसाठी सरळ बाहेर पडता येईल अशी जागा आहे का, साखळीची किल्ली कुणाकडे आहे, हे मात्र कुणालाही पाहता येते. यांतले काही चुकत असेल तर व्यवस्थापकाला लेखी कळवावे, जागेचे छायाचित्र, तारीख आणि वेळ जोडावी आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही तर तीच कागदपत्रे दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे पाठवावीत. अधिनियमाने त्यांना तक्रारीवरून किंवा स्वतःहून चौकशी करण्याचा आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाप्रमाणे माणसे व कागदपत्रे हजर करून घेण्याचा अधिकार दिलेला आहे. तक्रार करणारा स्वतः अपंग असलाच पाहिजे असे नाही.